ओढ तोडणारं यंत्र असलं तरी आधी जाळी बघा

पोहण्याच्या पूलबद्दल एकांनी लिहिलंय की एसव्हीआरएस (पंप ज्यातून पाणी ओढतो ते तळाचं भोक झाकलं गेलं की ओढ तोडणारं यंत्र) बसवलं की काळजी मिटली. मला हे पटत नाही. हे यंत्र ओढ एकदम वाढली की पंप बंद करतं किंवा पाइपात हवा सोडतं. पण लांब केस भोकावरच्या जाळीच्या आत जाऊन गुंतले तर? भोक पूर्ण बुजत नाही, म्हणून यंत्राला कळतच नाही. आणि पंप थांबला तरी गुंता सुटत नाही. तिथे वाचवते ती प्रमाणित, फुगीर जाळी.

ओढीचा हिशेब करा: २० सेंमी व्यासाच्या भोकावर अर्ध्या वातावरणाइतका दाबफरक आला तर साधारण १६० किलोचा जोर. २००२ मध्ये सात वर्षांची ग्रेम बेकर हॉट टबच्या तळाला अशीच चिकटली. पोहायला येत होतं तिला. दोन मोठ्यांनी ओढून काढली तेव्हा जाळीच तुटली, पण पोर गेली. तिच्या आईने, नॅन्सी बेकर यांनी पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेत तिच्या नावाचा कायदा झाला. सार्वजनिक पूलला प्रमाणित जाळी सक्तीची, आणि बुजू शकणारं एकच भोक असेल तर वर आणखी एक उपाय.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये मागच्या उन्हाळ्यात मी बुडी मारून पाहिलं. जाळीचा एक स्क्रू गायब, कडेला बोट घालताच ती हलली. त्याच दिवशी पूल बंद करायला लावला. जाळीवर तिचं आयुष्य किती वर्षांचं ते छापलेलं असतं, तेही वाचा.