जॉन ह्यूज : 'बेबीज डे आउट' ही त्याची घसरण होती का?

तिसरी_घंटा

काल रात्री 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' परत बघितला आणि तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, की ज्या माणसाने १९८७ मध्ये हा लिहिला आणि डायरेक्ट केला त्यानेच सात वर्षांनी 'बेबीज डे आउट', चोरांच्या हातून निसटून शहरभर रांगणाऱ्या बाळाचा सिनेमा, कसा काय लिहिला.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन ह्यूज, शिकागोकडचा माणूस, आधी जाहिरात कंपनीत कॉपीरायटर, मग 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात लेखक, तिथल्या स्वतःच्याच कथेवरून १९८३ चा 'व्हेकेशन' लिहिला आणि पुढच्याच वर्षी डायरेक्टर झाला. १९८४ ते १९९१ मध्ये आठ सिनेमे डायरेक्ट केले, आठही स्वतः लिहिलेले. त्यानंतर एकही नाही. वय होतं फक्त ४१. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिरायला बाहेर पडला असताना हार्ट अटॅकने गेला.

आता 'प्लेन्स, ट्रेन्स'मधला तो मोटेलचा सीन आठवा. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला घरी पोचायची धडपड, विमान भलतीकडे उतरलेलं, आणि स्टीव्ह मार्टिनला एका खोलीत राहावं लागतं जॉन कँडीबरोबर, जो शॉवरच्या पडद्याच्या कड्या विकत गावोगाव फिरतो आणि तोंड बंद ठेवत नाही. मार्टिन शेवटी फुटतो आणि त्याला वाट्टेल ते बोलतो. बोलणं विनोदी आहे, आपण हसतोय, आणि कॅमेरा मधेच कँडीच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो. हसू हळूहळू घशात अडकतं. मग कँडी एवढंच म्हणतो की मी मला आवडतो, माझ्या बायकोला मी आवडतो. त्या बायकोचं काय ते शेवटी कळतं तेव्हा तर काय बोलणार.

हे लिहिणारा माणूस पुढे 'डेनिस द मेनेस', 'बेबीज डे आउट', '१०१ डाल्मेशियन्स', 'फ्लबर', 'होम अलोन ३' लिहीत बसला. सगळीकडे तेच, चोर नाहीतर गुंड, पडतात, आपटतात, डोक्यात काहीतरी बसतं. माझं स्पष्ट मत आहे की त्यानेच लिहिलेल्या 'होम अलोन'च्या पैशाने त्याला बिघडवलं. १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये बनलेला सिनेमा, जगभरात ४७ कोटी डॉलरच्या वर गेला, मग स्टुडिओ दुसरं काही मागेल कशाला. मला या माणसाचं मनापासून वाईट वाटतं.

पाऊसवेळ

अजिबात सहमत नाही.

'बेबीज डे आउट' अमेरिकेत आपटला हे खरं, खर्चाच्या निम्मेही आले नाहीत. पण आपल्याकडे काय झालं ते बघा ना. तेलुगूत लगेच १९९५ मध्ये 'सिसिंद्री' आला, नागार्जुनने स्वतःच्या वर्षभराच्या मुलाला घेऊन केला, मग मल्याळममध्ये १९९९ ला 'जेम्स बाँड'. कोलकात्यात तर तो इतका चालला की रॉजर एबर्टसारख्या समीक्षकाने त्याची दखल घेतली.

आमच्याकडे केबलवाला रविवारी दुपारी लावायचा. माझी आजी इंग्रजीचं एक अक्षर न कळणारी, ताटात शेंगा घेऊन सोलत बसायची आणि बाळ त्या अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगच्या लोखंडी तुळईवरून रांगायला लागलं की तिचे हात थांबायचे. "पडत नाही ना गं ते?" दर वेळी विचारायची. आधी चार वेळा बघितलेला असायचा तरी. मग गोरिला त्या चोरांची धुलाई करायला लागला की डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसायची. तुमच्या त्या मोटेलच्या सीनमधलं तिला काय कळलं असतं? डायलॉग सबटायटलशिवाय जात नाही, पडणारा माणूस जातो. एका वाक्याचीही मदत न घेता दीड तास माणसाला धरून ठेवणं हे कसब आहे, मूकपटवाल्यांचं कसब, त्याला घसरण म्हणणं मला पटत नाही.

तिसरी_घंटा

आजींचं वाचून छान वाटलं, खरंच. पण चालला म्हणजे चांगला असं होत नाही ना. आणि मुद्दा असा की त्याला स्वतःलाही ते माहीत होतं असं मला वाटतं. 'बीथोवेन', तो कुत्र्याचा सिनेमा, १९९२ चा, त्याच्यावर ह्यूजचं नावच नाही. एडमंड दाँतेस असं टोपणनाव आहे, 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'च्या नायकाचं. माणूस नाव कधी लपवतो? जेव्हा ते काम आपलं म्हणायची इच्छा नसते तेव्हा.

उपनगरातून

शिकागोजवळ राहतो, इथे बरीच वर्षं झाली, म्हणून राहवलं नाही.

तिसरी_घंटा, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. दाँतेस हे नाव 'बीथोवेन'वर आहे, पुढे २००२ च्या 'मेड इन मॅनहॅटन'च्या कथेवर आणि २००८ च्या 'ड्रिलबिट टेलर'वर आहे. 'बेबीज डे आउट'वर मात्र जॉन ह्यूज असंच लिहिलंय, लेखक म्हणून पण आणि निर्माता म्हणून पण. 'डेनिस'वर पण तेच. म्हणजे लपवायचं तेव्हा लपवत होता आणि हे सिनेमे त्याने उघडपणे आपले म्हटलेत.

दुसरं, तो हॉलिवूडमध्ये कधी रमलाच नाही. त्याचं हायस्कूल इथल्या नॉर्थब्रुकमध्ये. त्याच्या सिनेमांत शर्मर नावाचं गाव येतं ते नकाशावर सापडणार नाही, पण नॉर्थब्रुकचं जुनं नाव शर्मरव्हिल आणि शर्मर रोड तर अजून आहे, मी त्या रस्त्याने जातो. त्याच्या 'ब्रेकफास्ट क्लब' सिनेमातली ती शाळेची लायब्ररी जवळच्याच एका बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये उभी केली होती. 'होम अलोन'चं घर विनेटकाला आहे. माणसाने आयुष्यभर आपला तालुका सोडला नाही असं समजा. तो डायरेक्शन सोडून घरी बसला याचं तुम्हाला वाईट वाटतं, मला वाटतं त्याला घरीच बसायचं होतं.

निळीशाई

दोन्ही बाजू 'आधीचं सगळं सोनं' असं धरून चालल्यात, मला तिथेच अडचण आहे.

त्याने डायरेक्ट केलेला पहिला सिनेमा, 'सिक्स्टीन कँडल्स', परत बघा. त्यातला तो लाँग डक डाँग, आशियाई मुलगा, पडद्यावर आला की घंटेचा आवाज. हा विनोद? अमेरिकेत शाळेत गेलेल्या कित्येक आशियाई पोरांना ते नाव चिडवायला वापरलंय. आणि दारू पिऊन शुद्ध हरपलेली मुलगी तिचाच मित्र दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, सिनेमा त्याच्याकडे गंमत म्हणून बघतो. मॉली रिंगवाल्ड, जी ह्यूजच्या तीन सिनेमांची नायिका, तिनेच २०१८ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लेख लिहिला, स्वतःच्या मुलीबरोबर 'ब्रेकफास्ट क्लब' बघताना तिला किती अवघडल्यासारखं झालं त्यावर. ती त्याला टाकून देत नाही हेही सांगते, त्याने त्या वयाच्या मुलांचं ऐकून घेतलं तसं दुसरं कोणी घेत नव्हतं. पण मुलींना काय वाटतं हे लिहिणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, हे मला फार लागतं. त्यापेक्षा रांगणारं बाळ बरं. त्यात निदान कोणाचा अपमान तरी नाही.

तिसरी_घंटा

निळीशाई, 'सिक्स्टीन कँडल्स'बद्दल काही बचाव करत नाही. करता येत नाही. मी तो १७ वर्षांचा असताना बघितला आणि त्या घंटेवर हसलो होतो, आज लाज वाटते.

उपनगरातून, नावाचा मुद्दा मान्य, मी तो नीट बघितला नव्हता.

पण तरी मूळ गोष्ट सोडत नाही. त्याच्याच 'फेरिस ब्युलर'मध्ये तो म्युझियमचा सीन आहे ना, फेरिसचा मित्र कॅमरन जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रासमोर उभा राहतो, चित्रात एक लहान मूल, कॅमेरा त्या मुलाच्या जवळ जातो, परत कॅमरन, परत जवळ, जवळ, शेवटी मूल उरतच नाही, नुसते रंगाचे ठिपके. एक शब्द नाही. आईबापाला न दिसणारा मुलगा स्वतःकडे बघतोय हे आपोआप कळतं. पाऊसवेळ, हाही बिनशब्दाचाच सीन आहे. मग हे करता येणारा माणूस चोराच्या पँटीला आग लावून का थांबला, एवढंच माझं दुखणं.

पाऊसवेळ

पण आईबापाला न दिसणारं मूलच तर आहे ना सगळीकडे! 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये घरचे मुलीचा वाढदिवस विसरतात. 'होम अलोन'मध्ये पोरगंच विसरतात. 'बेबीज डे आउट'मध्ये आईला बाळाचा फोटो पेपरात हवाय म्हणून फोटोग्राफर बोलावलेत, तेच चोर निघतात, आणि बाळ शहरभर कुठे फिरतं तर त्याच्या चित्रांच्या पुस्तकात आहे तिथे तिथे. ते पुस्तक त्याला रोज वाचून दाखवणाऱ्या दाईलाच हे कळतं, आईला नाही. एकच गोष्ट हा माणूस दहा वर्षं लिहीत होता, फक्त मुलाचं वय कमी कमी होत गेलं.

तिसरी_घंटा

हे मी कधी असं जोडून बघितलं नव्हतं. वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

तरी एक फरक राहतोच. 'होम अलोन'मध्ये चोर यायच्या आधी चर्चमध्ये केव्हिनजवळ, म्हणजे त्या घरी विसरलेल्या पोराजवळ, शेजारचा म्हातारा बाकावर येऊन बसतो. म्हाताऱ्याचं मुलाशी बोलणं तुटलंय, नातीचं गाणं लपून ऐकायला आलाय. आठ वर्षांचं पोर त्याला म्हणतं, फोन करून बघा की. तोपर्यंत ह्यूज दोन माणसांना शेजारी बसवून बोलायला लावत होता. 'बेबीज डे आउट'मध्ये आईला तसा एक बाक दिला असता तर मी हा धागा काढलाच नसता.

पाऊसवेळ

चर्चच्या सीनचं मान्य, मलाही तिथे रडू येतं. पण आईला बाक दिला असता तर ती बोलली असती, इंग्रजीत. आणि आजी उठून शेंगांची टरफलं टाकायला गेली असती.