१४ फुटी जुनी ॲल्युमिनियम होडी: काम कुठून सुरू करू? सल्ला हवा

दिवाडचा_गरी

नमस्कार मंडळी. मासेमारीची जुनी ॲल्युमिनियम होडी नीट करायची आहे. व्ही तळ, सगळीकडे रिव्हेट, वेल्डिंग कुठेच नाही. पत्रा कॅलिपरने १.६ मिमी भरतो. चार-पाच पावसाळे अंगणात उताणी पडून आहे.

सध्याची अवस्था: कण्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी झिरपतं. इंजिन लावायच्या मागच्या फळीचं (ट्रान्समचं) लाकूड टोचलं की भुसा पडतो. बाकांखालचा फोम ओला. तळाला आतून पांढरी पूड, ती खरवडली की खाली बारीक खड्डे. रंगाचे पोपडे.

वापर गोव्यात मांडवीत आणि कुंभारजुव्याच्या खाडीत, गरी टाकायला. चोणक, तांबोशी, शेवटे. इंजिन १५ एचपी टू-स्ट्रोक. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सुरुवात करायची. बेत असा आहे की तळ घासून आतून फायबर मारून घ्यावा आणि वरून रंग. बरोबर आहे का?

रिव्हेट_पाच

फायबरचा बेत सोडा. त्यातलं पॉलिस्टर रेझिन ॲल्युमिनियमला नीट धरत नाही. त्यात उन्हाने पत्रा ताणतो. ४.२ मीटर लांबीला ३० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ ३ मिमी. ताण पडून फायबर कडेने सुटतो आणि त्या फटीत खारं पाणी जाऊन बसतं. पत्र्याला हवा न मिळता पाणी चिकटून राहिलं की तो तिथेच सडतो. तुमच्या बाकांखाली जी पांढरी पूड दिसते ती ओल्या फोमची हीच करणी. तेच पूर्ण तळाला करून घ्याल.

क्रम असा ठेवा: आधी सगळं उपसून बाहेर, मग गळती शोधणं, मग रिव्हेट, मग लाकूड, मग फोम, सगळ्यात शेवटी रंग. रंग आधी दिला तर रिव्हेट ठोकताना तोच उडतो.

गळती शोधायला होडी जमिनीपासून हातभर वर घ्या. कण्याखाली दर दोन फुटांवर लाकडी ठोकळे किंवा वाळूच्या गोणी लावा. होडीत पाणी भरायचं आहे आणि २०० लिटर म्हणजे २०० किलो, टेकू विरळ असतील तर तळ वाकेल. तळ बाहेरून पूर्ण कोरडा पुसा, शिवणींवर खडूची पूड चोळा, मग आत कण्यापासून १०-१२ सेंमी पाणी. पूड जिथे काळवंडेल तिथे गळती. अर्धा तास थांबा, काही रिव्हेट उशिरा बोलतात. खूण मार्करने करा, शिसपेन्सिलीने नको. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला खातं, विमानाच्या पत्र्यावर काम करणारे ती जवळसुद्धा ठेवत नाहीत.

गळणारे बरेचसे रिव्हेट नुसते सैल असतात, काढावे लागत नाहीत. दोन माणसं लागतात. एकाने आतून दोन-तीन किलोचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या चेपलेल्या टोकावर घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर बसेल असा खोबणीचा पंच ठेवून हातोड्याचे तीन-चार ठोके द्यायचे. आवाज बदलतो. सैल असताना बद्द येतो, बसला की टणक. आवाज बदलला की थांबा. जास्त ठोकलं तर रिव्हेट कडक होऊन डोक्याखाली चिरतो आणि आजूबाजूचा पत्रा ताणून शेजारचे चार सैल होतात.

ज्याचं डोकं झिजलंय किंवा जो फिरतो तो बदला. डोक्याच्या मधोमध पंच मारून रिव्हेटच्याच मापाचं ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीएवढं घाला, छिन्नीने डोकं उडवा, दांडा पंचने आत ढकला. ड्रिल आरपार घातलं की भोक अंडाकृती होतं आणि मग मोठा रिव्हेट शोधत बसावं लागतं.

लांबीचा हिशेब: पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. ४.८ मिमीचा रिव्हेट आणि १.६ चे दोन पत्रे असतील तर ३.२ + ७.२ = १०.४ मिमी. भोक ४.९ मिमी. ठोकल्यावर आतलं टोक साधारण ७ मिमी रुंद आणि अडीच मिमी उंच झालं पाहिजे. बसवण्याआधी दांड्याला पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिकाफ्लेक्स २९१ किंवा थ्रीएम ५२००. दुसऱ्याला वाळायला आठवडा द्या, बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळलं असं नाही.

वेर्णेकर_टिग

एवढे रिव्हेट ठोकत बसण्यापेक्षा कण्याची दोन्ही बाजूंची शिवण टिग वेल्डिंगने भरून घेतली तर? औद्योगिक वसाहतीत आर्गॉनवर काम करणारे वेल्डर आहेत. एका दिवसाचं काम.

रिव्हेट_पाच

वेर्णेकर बाब, नवा स्वच्छ पत्रा असता तर विचार केला असता. इथे शिवणीच्या आत जुना सीलंट, मीठ आणि ऑक्साइड आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइड २००० च्या पुढे. आतली घाण उकळून वेल्डमध्ये फुगे धरते. आणि उष्णतेने दोन्हीकडचे रिव्हेट आणि सीलंट ढिले होतात. एक फूट वेल्ड करून पुढचा फूट गळायला लागतो, मग तोही वेल्ड करा, असं टोकापर्यंत चालतं.

वेल्डिंग कुठे चालेल: बाकाचा तुटलेला कोन, काठाची चीर, हँडलची पट्टी. तिथे ५३५६ ग्रेडची ॲल्युमिनियम सळी वापरायला सांगा आणि चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्या, नाहीतर चीर वेल्डच्या पलीकडून पुढे पळते. बाजारात गॅसच्या शेगडीवर वितळवायच्या ॲल्युमिनियम कांड्या मिळतात, त्या पाण्याच्या रेषेखाली नकोत.

खड्ड्यांचं विसरलो. प्रत्येक खड्डा पितळी नव्हे तर स्टेनलेस किंवा नायलॉनच्या ब्रशने उकरा आणि खोली मोजा. अर्ध्या जाडीच्या आत असेल तर इपॉक्सीने भरा. त्याहून खोल किंवा आरपार असेल तर ठिगळ. ५०५२ ग्रेडचा १.६ चाच पत्रा, कोपरे गोल, खराब भागाच्या चहूबाजूंनी ४० मिमी बाहेर, रिव्हेट २०-२५ मिमीवर, काठापासून निदान १० मिमी आत, मध्ये सीलंटचा पूर्ण थर. भांड्यांच्या दुकानातला पत्रा नको. दोन लोळ्या एकत्र मळून लावायची पुट्टी नळाला ठीक, होडीचा तळ लाटेवर लवतो, तिथे ती एका हंगामात टिकली सुटावी तशी सुटते.

हात पोचत नाही म्हणून पॉप रिव्हेट लावायचाच असेल तर बंद टोकाचा घ्या. साध्या पॉप रिव्हेटच्या मधून पाणी येतं आणि आत राहिलेला लोखंडी खिळा गंजतो.

सुतारमेट

ट्रान्समबद्दल. जुनं लाकूड कितीही कुजलेलं असो, तुकडे न करता बाहेर काढा, तोच साचा. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, १९ मिमीचे दोन, इपॉक्सीने जोडून ३८ मिमी. जुनी जाडी मोजून खात्री करा, काही होड्यांत कमी असते.

औषध मारलेलं हिरवट लाकूड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्या औषधात तांबं असतं. ओलं झालं की ते पत्र्याला भिडतं आणि ट्रान्समचा पत्रा आतून चाळणी होतो. बाहेरून काही दिसत नाही.

प्लायला इपॉक्सीचे तीन हात, कडांना चार. कडा पाणी पितात, पहिला हात त्या शोषून घेतात. बोल्टची भोकं ही खरी मेख. १० मिमीचा बोल्ट असेल तर भोक १५ मिमीचं पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध १० चं पाडा. मग बोल्टच्या कडेने पाणी गेलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेस, पत्र्याला टेकतो तिथे नायलॉन वॉशर आणि सीलंट. पाणी सोडायच्या भोकात जुनी पितळी नळी असेल तर ती काढून प्लास्टिकची बसवा. फळी बसवण्याआधी काठापासून तळापर्यंतची उंची मोजा. शॉर्ट शाफ्ट इंजिनला साधारण १५ इंच, लाँगला २० इंच लागतात.

फोम: ओला झालेला सुकवू नका, फेका. उन्हात वरून सुकतो, आत पाणी तसंच. नवा दोन द्रवांचा पॉलियुरेथेन, ३२ किलो घनमीटरवाला. तुमच्या मापाला हिशेब असा: पत्रा पाण्यात स्वतःच्या वजनाच्या ६३ टक्केच ओढतो, म्हणजे ११० किलोची होडी धरली तर ७०. इंजिन-बॅटरी मिळून ५० धरा. १२० किलो तरंगायला १२५ लिटर फोम पुरतो, माणसांनी धरून राहायचं म्हणून २०० लिटर ठेवा. दोन्ही द्रव मिळून सात किलो पुरतील. (कुंभारजुव्यात मगरी आहेत, तिथे होडीला लटकून वाट बघायची वेळ न आलेलीच बरी.)

एकदम ओतू नका, १०-१५ सेंमीचे थर. मिश्रण तापतं, जाड थर आतून करपतो. पावसाळी हवेत तर अजिबात नको. आर्द्रता द्रवात मिसळली की फोम मोठ्या बुडबुड्यांचा, ठिसूळ होतो आणि पाणी पितो. ओतण्याआधी कण्यावर पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरून पालथा ठेवा, फोमखालचं पाणी मागे वाहून जायला वाट राहते. पांढरा थर्माकोल पेट्रोलच्या चार थेंबांत विरघळतो.

दिवाडचा_गरी

फायबर रद्द. आता रंगाचं सांगा. घरात रेड ऑक्साइडचा डबा आहे. जेटीवर ट्रॉलरला लावतात तो तांबडा अँटीफाउलिंगही (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग) मिळेल. आणि झिंकची वडी (पत्र्याऐवजी स्वतः झिजते ती) लावायची का?

खारेपाणी

तिन्हींना नाही, तिसऱ्याला थोडं सविस्तर नाही.

रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, ॲल्युमिनियमवर धरत नाही. तांबड्या अँटीफाउलिंगमध्ये बहुधा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं. लाकडी आणि फायबरच्या होडीला उत्तम. ॲल्युमिनियमला रंगाचा एक ओरखडा पुरतो, तिथून पत्रा झरझर खाल्ला जातो. दर खेपेला होडी वर ओढणार असाल तर अँटीफाउलिंग लागतच नाही. पाण्यातच बांधून ठेवणार असाल तर इपॉक्सीचे तीन थर आणि त्यावर क्युप्रस ऑक्साइड नसलेला, डब्यावर ॲल्युमिनियमसाठी चालतो असं छापलेला.

वडीचं: झिंक समुद्रात चांगलं. आपल्या नदीत चार महिने पाणी जवळजवळ गोडं, बाकी वेळ मचूळ. मचूळ पाण्यात झिंकवर थर धरतो आणि ते काम थांबवतं, वडी मात्र शाबूत दिसते म्हणून आपण खूश. ॲल्युमिनियमची वडी घ्या, ती दोन्हीकडे चालते. मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्याचं, खाऱ्यात ते भराभर संपतं आणि जाता जाता रंगाला फोड आणतं. वडी उघड्या धातूला टेकवून बसवा आणि तिच्यावर कधीही रंग मारू नका. अर्धी झिजली की बदला. होडी रोज वर येत असेल तर इंजिनची स्वतःची वडी पुरे.

रंगाची तयारी: फक्त सुटलेला रंग काढा, घट्ट धरलेला घासून ठेवा. कॉस्टिक सोडा किंवा गटार मोकळं करायची पूड लावून रंग काढायचा सल्ला कुणीतरी देईलच. कॉस्टिक पत्राच विरघळवतं, वर हायड्रोजन सोडतं. साबणाने तेलकटपणा काढा, ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, फॉस्फोरिक ॲसिडचा क्लीनर, भरपूर गोडं पाणी, पूर्ण सुकवणं. लोखंडी वायर ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात. घासल्यावर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, दोन द्रवांचा इपॉक्सी प्रायमर. उशीर झाला की ऑक्साइड परत येतो. बाहेरून दोन हातांना अडीच लिटर धरा. वर पॉलियुरेथेन, दोन हात. प्रायमर, थिनर, रंग एकाच कंपनीचे. पॉलियुरेथेन फवारणार असाल तर कागदी मास्क चालत नाही, रोलरने मारा.

चवथीनंतर लगेच रंग नको. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं. ठोकाठोकी आणि सुतारकाम ऑक्टोबरपर्यंत आटपा, रंग नोव्हेंबर ते जानेवारी. त्यातही सकाळी दहाला सुरू, तीनला बंद, नाहीतर संध्याकाळचं दव ओल्या रंगावर बसून तो पांढुरका पडतो.

शेवटचं, गऱ्या टाकणाऱ्यांसाठी: शिशाच्या गोळ्या, पितळी फिरक्या, तांब्याच्या तारेचे तुकडे तळात पडू देऊ नका. ओल्या तळात एक गोळी पावसाळाभर राहिली तर तिच्याच आकाराचा खड्डा मिळतो. बॅटरीची अर्थिंगची वायर होडीला जोडायची नाही, दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत वेगळ्या.

चोणक_रात्रीचा

कागदांचंही आताच बघा. मासेमारीची होडी असेल तर नोंदणी मत्स्योद्योग खात्याकडे. नुसती नदीत फिरवायची असेल तर बंदर कप्तानाच्या कार्यालयात विचारा. रंग देण्याआधी गेलात तर नंबर कुठे आणि कसा लिहायचा तेही कळेल.

दिवाडचा_गरी

सगळ्यांचे आभार. वाट नोव्हेंबरचीच बघतो. तोवर होडी ठेवायची कशी? अंगणात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर ठेवली तर चालेल?

खारेपाणी

पालथी ठेवा, नाळ (पुढचं टोक) किंचित वर. चिरा ओल धरून ठेवतो, मध्ये लाकडी फळ्या आणि फळ्यांवर रबराचा तुकडा. ताज्या सिमेंटवर तर मुळीच नको. ताडपत्री लावलीत तर पत्र्याला टेकू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. आंब्या-फणसाखाली पाल्याचा ओला ढीग काठाला साचतो आणि तिथेच पांढरी पूड सुरू होते, तो दर आठवड्याला झाडा. माडाखाली का नको ते सांगायला नको.