पोटात बसवायच्या बॅक्लोफेन पंपासाठी पेशंट कसा निवडतात? भावासाठी विचारते आहे

राजापूरची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ आंबे काढताना झाडावरून पडला. छातीच्या मणक्याला मार बसला, कमरेखाली काहीच हालचाल नाही. तीन वर्षं होत आली. पाय इतके आखडतात की गुडघे एकमेकांवर चढतात. लघवीसाठी नळी घालायची तर एक मांडी आईने ओढून धरायची, दुसरी मी. रात्री पाय आपोआप उडतात, घरात कुणालाच झोप नाही. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत नेल्या, जोडीला टिझानिडीन. तो दिवसभर पेंगतो आणि पाय आहेत तसेच. आता डॉक्टर पोटात पंप बसवू म्हणतात, पण आधी चाचणी घेऊ, सरसकट बसवत नाही, असंही म्हणाले. नक्की काय बघतात? खर्च लाखांत आहे, कलमांची जमीन गहाण ठेवावी लागेल.

मीनल_फिजिओ (नाशिक)

ताई, मणक्याचे पेशंट हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

पंप म्हणजे काही नवा प्रयोग नव्हे. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थेट बॅक्लोफेन सोडण्याची पद्धत शिकागोच्या पेन आणि क्रॉइन यांनी १९८४ मध्ये मांडली. अमेरिकेत १९९२ मध्ये मज्जारज्जूच्या आजारांसाठी आणि १९९६ मध्ये मेंदूमुळे येणाऱ्या ताठरपणासाठी तिला मान्यता मिळाली. गोळीतलं औषध मज्जारज्जूपर्यंत फार थोडं पोचतं, म्हणून डोस वाढवत गेलं की पेंगच जास्त येते. पंपात डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. गोळ्यांचा पुरेसा डोस देऊनही भागत नाही किंवा सोसत नाही, ही पहिली अट. ती तुमचा भाऊ पुरी करतो.

पण त्याआधी एक बघा. पायांना कोण चिडवतंय? लघवीतला जंतुसंसर्ग, मूतखडा, साचलेला मळ, बेडसोर. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं असेल तर त्याला दुखत नाही, पण पाय उडतच राहतात. आज रात्री मोजे काढून दहाही नखं बघाच. कारण तिथे सापडलं तर पंपाचा विचार पुढे ढकलता येतो.

दुसरं, सांधा आखडला आहे की स्नायू ताठ आहे? तो गाढ झोपेत असताना घोटा अगदी हळू वर न्या. सैल येत असेल तर औषधाला वाव आहे. झोपेतही एका जागी अडकत असेल तर तो बहुधा सांध्याचा आखडलेपणा, आणि तो कुठल्याच बॅक्लोफेनने सुटत नाही. डॉक्टर हा ताठरपणा अ‍ॅशवर्थ मापावर ० (सैल) ते ४ (हलतच नाही) असा मोजतात. साधारण ३ किंवा वर असेल तर पंपाचा विचार होतो.

मग चाचणी. कमरेत सुई घालून सहसा ५० मायक्रोग्रॅम देतात. अर्ध्या-एक तासात सैलपणा जाणवू लागतो, चार तासांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो. त्या वेळात श्वास आणि बीपीवर लक्ष ठेवतात. फरक पडला नाही तर दुसऱ्या दिवशी ७५, तिसऱ्या दिवशी १००. १०० नेही काही झालं नाही तर पंप बसवू नये, आणि कुणी आग्रह केला तरी तुम्ही होकार देऊ नये.

माझं कळकळीचं सांगणं पुढे आहे. पाय किती ताठ आहेत यापेक्षा सैल झाल्यावर तुम्हाला काय हवंय, हे आधी ठरवा. एकट्या माणसाला लघवीची नळी घालता यावी? रात्रीची झोप? चाचणीत त्याला नुसतं पडून ठेवलं तर अर्धंच कळतं. चार तासांच्या सुमारास आईला एकटीला नळी घालून बघू दे.

ओवीची_आई (नागपूर)

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे येणारा ताठरपणा) आहे, तिला पंप आहे. आमचं ध्येय एवढंच होतं की डायपर बदलताना तिला रडू येऊ नये आणि तिला खुर्चीत बसता यावं. दोन्ही साधलं. ती चालणार नव्हती, चालतही नाही. पण रिफिलची, म्हणजे पंपात औषध पुन्हा भरायची तारीख हा आमच्या घरातला सर्वांत मोठा दिवस. आधी तारीख, मग लग्नकार्यं. अंगाला कारण नसताना खाज सुटली की मी थेट हॉस्पिटलला फोन लावते.

राजापूरची_ताई

नखं बघितली, ठीक आहेत. पण टाचेला जखम आहे, बरी होते आणि पुन्हा चिघळते. आणि भाऊ म्हणतो, पाय लुळे पडले तर मी खुर्चीत कसा सरकू? तो पलंगाच्या कडेला पाय ताठ करूनच उठतो.

मीनल_फिजिओ (नाशिक)

त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. काही जण ताठरपणाच्या जोरावरच उठतात, उभे राहतात. म्हणून चाचणीला त्याची स्वतःची खुर्ची न्या आणि सैल पायांनी पलंगावरून खुर्चीत जाऊन बघायला सांगा. नाही जमलं तरी लगेच फुली मारू नका. चाचणीत डोस एकदम जातो, पंपात तो बाहेरून यंत्राने थोडा थोडा कमी-जास्त करता येतो. थोडा ताठपणा मुद्दाम ठेवतात.

टाचेची जखम मात्र आधी भरू द्या. अंगात संसर्ग असताना पंप बसवत नाहीत, कारण जंतू पंपापर्यंत पोचले तर तो काढावा लागतो.

ओवीच्या आईने खाजेचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. पंपातली औषधाची टाकी रिकामी झाली किंवा पंपापासून पाठीच्या कण्यात जाणारी नळी दुमडली तर औषध एकदम तुटतं. मग खाज, ताप, आधीपेक्षा भयंकर ताठरपणा, भ्रम, आणि जिवावरही बेततं. गोळ्यांचंही तसंच, कुणी सांगितलं म्हणून अचानक बंद करू नका. टाकी २० किंवा ४० मिलिलिटरची, पोटावरून सुई घालून भरतात, डोसप्रमाणे काही महिन्यांनी, पण सहा महिन्यांपलीकडे कधीच नाही. बॅटरी ४ ते ७ वर्षांनी संपते, तेव्हा पंपच बदलायची शस्त्रक्रिया.

तेव्हा जमीन गहाण ठेवण्याआधी डॉक्टरांना हे विचारा: रिफिल कोल्हापूरला होईल की दर वेळी पुण्या-मुंबईलाच यावं लागेल? एका रिफिलचा खर्च किती? पावसात घाट बंद असताना पंपाचा अलार्म वाजला तर रात्री कुणाला फोन करायचा? उत्तरं लिहून आणा, मग पुढचं बोलू.