सल्ला हवा: नववीतल्या मुलासाठी फिटनेस बँड

नववीची_आई:
मुलगा 14 वर्षांचा. शाळा आणि क्लासमध्ये मैदान सुटलंय. 3,000 रुपयांपर्यंतचा बँड घ्यायचा विचार आहे. 10,000 पावलांचं लक्ष्य ठेवू का? शाळेत बँड चालत नाही.

मैदानी:
10,000 विसरा. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पेडोमीटरमुळे (पावलं मोजायचं यंत्र) रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी मिनिटं सांगते: रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल, शिवाय आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम हवा.

पहिला आठवडा लक्ष्यच देऊ नका, नुसता बँड घालू द्या. शाळेत चालत नाही म्हणून संध्याकाळी 5 ते 9 एवढेच आकडे धरा. नाहीतर रविवारचा आकडा फुगतो आणि सोमवारी पोरगा उगाच आळशी ठरतो. या वेळेतली सरासरी 3,000 पावलं आली, तर पुढचे दोन आठवडे 3,300. लक्ष्य त्यालाच ठरवू द्या.

सायकलवाला_सांगली:
बँड पावलं मोजतो ती मनगटाच्या हालचालीवरून. त्यामुळे तासभर सायकल मारली तरी पावलं नावालाच दिसतात, आणि ढोल वाजवला की बसल्या जागी वाढतात. सायकल, दोरीउड्यांसाठी बँडवरचा वर्कआउट मोड (व्यायामाची वेगळी नोंद) हाताने सुरू करायला शिकवा.

पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट. सैल असला की सेन्सरमध्ये बाहेरचा उजेड शिरतो आणि नाडीचे आकडे वेडेवाकडे येतात. कबड्डी-फुटबॉलला काढूनच ठेवा, दुखापत होते. ती मिनिटं वहीत लिहा.

स्क्रीनवरचा कॅलरीचा विजेट (आकड्याचा चौकोन) पहिल्याच दिवशी काढून टाका. तो नुसता अंदाज असतो, आणि या वयात त्यावरून जेवण तोडणारी मुलं असतात.

नववीची_आई:
मित्रांसोबत लीडरबोर्ड, म्हणजे कोण पुढे कोण मागे याची यादी, लावला तर?

मैदानी:
कृपया नको. ब्रिटनमध्ये 13-14 वर्षांच्या मुलांना 8 आठवडे फिटबिट (अशाच बँडचा एक ब्रँड) दिले होते. स्पर्धा आणि अपराधीपणा वाढला, स्वतःहून हालचाल करायची ओढ कमी झाली. त्यापेक्षा चौघांची मिनिटं एकत्र करा: आठवड्याला मिळून 800, मग हळूहळू वर. अॅपमध्ये प्रोफाइल खासगी ठेवा आणि नकाशावर सायकल-धावण्याच्या मार्गाची घराजवळची सुरुवात-शेवट लपवा.