मदत हवी आहे: मी काढलेल्या जर्सीच्या डिझाइनवर संघ मालकी सांगू शकतो का?

नमस्कार मंडळी,

पाच वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या काही जणांनी हौशी फुटबॉल संघ काढला. माझा भाऊ त्यात खेळायचा. मला चित्रं काढता येतात म्हणून जर्सीचं काम माझ्याकडे आलं. पैसे कुणी देऊ केले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

तीन आठवडे बसून मी पाकोळ्यांचा थवा काढला. डाव्या कमरेपाशी दाट, मग छातीवरून तिरका वर जात उजव्या खांद्यापाशी अगदी विरळ होत जाणारा. गडद निळ्यावर पांढऱ्या पाकोळ्या. एकेक पाकोळी हातानं काढलेली आहे, एक चित्र काढून त्याच्या प्रती चिकटवलेल्या नाहीत. फाइल संघाच्या ग्रुपवर टाकली, त्यांनी सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेनं कापडात रंग उतरवणारी छपाई) करून घेतली. कागद, करार, सही असं काहीच झालं नाही. संघाचं बोधचिन्ह माझं नाही, ते दुसऱ्या एका खेळाडूनं केलंय.

यंदा भावासकट सहा जण त्या संघातून बाहेर पडले आणि त्यांनी नवा संघ उभा केला. जर्सी पुन्हा माझ्याकडेच आली. मी थवा तोच ठेवला आणि रंग हिरवा केला. पहिला फोटो बाहेर पडला त्याच संध्याकाळी जुन्या संघाच्या कर्णधाराचा निरोप आला की हे डिझाइन संघाच्या मालकीचं आहे, वापरलं तर कायदेशीर कारवाई करू.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पाच हंगाम अंगावर घातलं म्हणून डिझाइन संघाचं होतं का? आणि झालं असेल, तर मी माझ्याच हातच्या पाकोळ्या पुन्हा काढू शकत नाही का? मला भांडायचं नाही, तीही माझीच माणसं आहेत. पण खरं काय ते कळायला हवं. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, 'जर्सीचं डिझाइन' ही एक वस्तू नाही, आणि या वादात बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. जर्सी आधी सुटी सुटी करून बघा. कॉलर, बाह्यांची ठेवण, कापडाची बेतणी हा एक भाग. रंग हा दुसरा. वर छापलेलं चित्र तिसरा. संघाचं नाव आणि बोधचिन्ह चौथा. या प्रत्येकावरचा हक्क वेगळ्या कायद्यातून येतो आणि त्यांचे मालकही वेगळे असू शकतात.

यावरचा सगळ्यात गाजलेला निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, २०१७ सालचा, स्टार ॲथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स. चिअरलीडरच्या गणवेशावरच्या पट्ट्यांचा आणि रंगाच्या तुकड्यांचा वाद होता. ६ विरुद्ध २ मतांनी न्यायालयानं म्हटलं की नक्षी कपड्यापासून मनानं वेगळी काढता येत असेल आणि कागदावर किंवा कॅनव्हासवर ती स्वतंत्र चित्र म्हणून उभी राहत असेल, तर तिला कॉपीराइट मिळू शकतो. कपड्याचा आकार आणि बेतणी यांना मात्र तो मिळत नाही. तुमचा थवा या कसोटीला सहज उतरेल. कमरेपासून खांद्यापर्यंत जाणारं ते चित्र भिंतीवर लावलं तरी चित्रच आहे.

कॉपीराइट पहिल्यांदा जन्मतो तो काढणाऱ्याच्या हातात. नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल तर मालक वेगळा ठरतो, पण तुम्ही कुणाच्या नोकरीत नव्हतात. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. ग्रुपवर फाइल टाकणं म्हणजे फार तर वापरायची परवानगी. पाच वर्षं घातल्यानं मालकी येत नाही.

प्रतिसाद २

कायद्यातलं मला कळत नाही, फुटबॉलमधलं कळतं. इटलीच्या युव्हेंटसचे काळे-पांढरे उभे पट्टे आज जगभर ओळखतात. हा संघ आधी गुलाबी घालायचा. १९०३ मध्ये इंग्लंडच्या नॉट्स काउंटीच्या जर्सी त्यांच्याकडे आल्या आणि तेच रंग कायमचे झाले. लीड्स युनायटेडनं १९६० च्या दशकात संपूर्ण पांढरा पोशाख घेतला तो रेआल माद्रिदकडे बघून. ॲथलेटिक बिल्बाओ आणि ॲटलेटिको माद्रिद हे दोघेही लाल-पांढऱ्या पट्ट्यात, एकाच लीगमध्ये खेळतात. नुसते पट्टे आणि नुसते रंग आमचेच, असं या खेळात कुणी म्हणू लागलं तर निम्मे संघ उघडे पडतील.

पण ताई, तुमच्या पाकोळ्या म्हणजे पट्टे नाहीत. मी त्या संघात असतो तर हिरव्या जर्सीवर तोच थवा बघून मलाही लागलं असतं. हे कायद्याचं बोलत नाहीये मी.

प्रतिसाद ३

पहिला प्रतिसाद योग्य आहे, पण भारतीय कायद्यापुरता त्यात एक मोठा खड्डा राहिलाय. ताई, जर्सी एकूण किती छापल्या गेल्या? आणि डिझाइनची कुणी नोंदणी केली होती का? पुढचं सगळं या दोन उत्तरांवर आहे.

धागाकर्ती

भावाला विचारून मोजलं. पाच हंगामांत मिळून ९४. नोंदणी कुणीच केलेली नाही, अशी नोंदणी असते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

प्रतिसाद २ वाचून गप्प बसून राहिले थोडा वेळ. ती बाजू मी पाहिलीच नव्हती.

प्रतिसाद ३

मग आता नीट सांगतो. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आणि डिझाइन कायदा २००० चा. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ म्हणतं की जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्यानं औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त वेळा बनवली की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. तुमच्या जर्सी ९४ आहेत. म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातच तो आकडा ओलांडला गेला.

कापडावरच्या नक्षीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर हा निकाल आहे. सोफ्याच्या कापडावरच्या छपाईचा वाद होता. ही नक्षी कापडावर लावण्यासाठीच केलेली आहे, नोंदणी केलेली नाही, तेव्हा कॉपीराइटचा दावा चालणार नाही, असं ठरलं. त्याच निकालात दुसरीही बाजू आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. मूळ कलाकृती म्हणून चित्रावरचा हक्क टिकतो. आटतो तो फक्त वस्तूवर लावलेल्या रूपातला हक्क.

थोडक्यात, जर्सीवरच्या थव्यावर आज संघाची मालकी नाही, पण तुमचीही जवळपास उरलेली नाही. हे वाचून वाईट वाटेल, मला लिहितानाही वाटतंय. संघ आता नोंदणी करायला गेला तरी उपयोग नाही, कारण नोंदणीला डिझाइन नवं आणि आधी प्रसिद्ध न झालेलं लागतं. वेळेत नोंदवलं असतं तर १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण मिळालं असतं. इतरत्र हे असंच नाही. युरोपीय संघात नोंदणी न करताही ३ वर्षांचं संरक्षण असतं, आणि प्रसिद्ध केल्यावरही नोंदणीला १२ महिन्यांची सवलत मिळते. आपल्याकडे ती सवलत नाही, त्यामुळे जर्सीचा फोटो बाहेर जाण्याआधी अर्ज जायला हवा.

आता संघाकडे काय उरतं? ओळख. लोक जर्सी बघून 'हा अमुक संघ' म्हणत असतील तर तो ट्रेडमार्कचा आणि पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याची ओळख आपली म्हणून खपवण्याचा, विषय होतो. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडरांचा निळा-पांढरा, चांदण्या लावलेला गणवेश ही त्यांची ओळख आहे, असं अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं १९७९ मध्ये मानलं. २००८ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अपील न्यायालयानं विद्यापीठांच्या रंगसंगतीलाही संरक्षण दिलं, मात्र रंगांसोबत टी-शर्टवर त्या संघांकडे बोट दाखवणारे इतर संदर्भ होते म्हणून. उलट बाजूनं बघा, आदिदासचे तीन पट्टे सगळ्यांना ठाऊक, तरी २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टानं त्यांची एक नोंदणी रद्द ठरवली. त्या नोंदणीतल्या पट्ट्यांची वेगळी ओळख सगळ्या सदस्य देशांमध्ये तयार झाल्याचं कंपनीला दाखवता आलं नाही. ओळख पुराव्यानं सिद्ध करावी लागते. हौशी संघाला ते जड जाईल, त्यात तुमचा रंग वेगळा, नाव वेगळं, बोधचिन्ह वेगळं. पण दोन्ही संघ एकाच मैदानावर, जवळपास त्याच प्रेक्षकांपुढे खेळणार असतील तर तो मुद्दा अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

त्या धमकीला मी फार घाबरलो नसतो. तरी थवा जसाच्या तसा वापरू नका असंच सांगेन.

प्रतिसाद १

कलम १५ माझ्याकडून सुटलं, आभार. ताई, नव्या पाकोळ्या काढायला तुम्हाला कुणीच अडवू शकत नाही एवढं मात्र पक्कं. पाकोळी ही कल्पना आहे, ती कुणाची होत नाही. हक्क असतो तो विशिष्ट रेखाटनावर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कर्णधाराशी फोनवर बोलले. पाऊण तास. सहा जण एकदम गेले आणि जाताना जर्सीही घेऊन चालले, असं त्यांना वाटलं होतं. मी कलम वगैरे काढलं नाही.

थवा त्यांच्याकडे राहू दे असं मी ठरवलंय. नव्या संघासाठी नवं काढतेय, पाकोळ्या नाहीत, वाऱ्यावर झुकलेलं गवत आहे. पण या वेळी दोन्हीकडे कागद करायचा आहे. जुन्या संघाला थवा जर्सीवर आणि बॅनरवर वापरू द्यायचा, मूळ चित्राचा हक्क माझ्याकडे ठेवायचा. हे एका पानात बसेल का? आणि त्यात काय विसरू नये?

प्रतिसाद ३

बसेल. कोणतं चित्र ते स्पष्ट लिहा आणि त्याची छापील प्रत कागदाला जोडा. कशावर वापरायचं ते लिहा, बाकीचे हक्क तुमचे हे वाक्य घाला. मुदत आणि प्रदेश हमखास लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. हक्क तुमचा, म्हणून तुमची सही हवीच, संघाच्या वतीनं जबाबदार माणसाचीही घ्या.

आणि गवताचा फोटो अजून कुठे टाकला नसेल तर थांबा. आधी नोंदणी करायची की नाही ते ठरवा, मग टाका.