आर्मिक्रॉगला पैसे भरले. अजून कोण कोण थांबलंय?

मेणाचा_गडी | २९ जून २०१३, रात्री ११:४०

न बनलेल्या वस्तूचे पैसे या आठवड्यात पहिल्यांदाच भरले. (फ्लॅट सोडून. तो अजून प्लिंथवर आहे.)

गेमचं नाव आर्मिक्रॉग. किकस्टार्टरवर (लोकांकडून आधीच पैसे गोळा करायची वेबसाइट) ९ लाख डॉलर मागितले होते. मध्ये आकडा इतका रेंगाळला की मी नाद सोडला होता, पण अखेर ९ लाख ७४ हजारांवर काम झालं. ज्यांना संदर्भ लागत नाही त्यांच्यासाठी: १९९६ साली 'द नेव्हरहूड' नावाचा गेम आला होता. त्यातली घरं, भिंती, नायक, किडे, सगळं हाताने मातीत घडवलेलं आणि एकेक फोटो काढून हलवलेलं. तीन टनांच्या वर माती लागली होती. कौतुक झालं, धंदा बेताचाच झाला. आता तीच माणसं पुन्हा मातीत हात घालतायत: डग टेनेपल, पेन्सिल टेस्ट स्टुडिओजचे माइक डीट्झ आणि एड स्कोफील्ड, संगीताला तेच टेरी टेलर. नायक टॉमीनॉट, सोबत बोलणारा आंधळा कुत्रा बीक-बीक, दोघं एका किल्ल्यात अडकलेले. बघायचं, क्लिक करायचं, डोकं खाजवायचं.

नेव्हरहूड मला बोरिवलीच्या मामेभावाकडे भेटला. लॅमिंग्टन रोडची चोरीची सीडी, वर मार्करने लिहिलेलं 'माती गेम'. त्यात एके ठिकाणी गटाराचं भोक आहे आणि बाजूला बजावून ठेवलंय की यात उडी मारू नका. आम्ही मारली. गेम खलास. मग मामी पानावर बोलवेपर्यंत तेच करत बसलो.

खर्चाचं म्हणाल तर नाव नोंदवलं तेव्हा डॉलर ५६ च्या आसपास होता. पैसे कापतात मोहीम संपल्यावर, आणि नेमका याच आठवड्यात तो ६० च्या वर गेला. बँकेचं शुल्क धरून २५ डॉलर साडेपंधराशेला पडले. घरी 'ऑफिसचं सॉफ्टवेअर' असं सांगितलंय.

पुढच्या वर्षी येईल म्हणतात. कोण कोण थांबलंय?

निळी_शाई | ३० जून २०१३, सकाळी ८:०५

मी! पैसे नाही भरले, पण थांबलेय. त्या गेममधली ती न संपणारी लांब भिंत आठवते का, जिच्यावर पानंच्या पानं मजकूर कोरलेला? ती मी पूर्ण वाचली होती. कुणाला खोटं वाटेल.

व्यवहारी_माणूस | ३० जून २०१३, सकाळी १०:२२

अभिनंदन. पण शब्द जपून वापरा. खरेदीत वस्तू आली नाही तर दुकानदाराशी भांडता येतं. ही वर्गणी आहे. मंडळाला वर्गणी देताना मूर्ती किती फुटांची हे आपण विचारतो का? पावती घेतो आणि दार लावतो. त्या हिशेबाने दिले असतील तर माझं काही म्हणणं नाही. तुम्ही मात्र कॅलेंडर घेऊन बसलाय.

गेल्या वर्षी डबल फाइन या गेम कंपनीच्या टिम शेफरने असाच पॉइंट-अँड-क्लिक गेम करतो म्हणून ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांवर लोकांनी मिळून ३३ लाख दिले. गेम कुठाय?

गोट्या_ठाणे | ३० जून २०१३, सकाळी ११:१०

टोरंटवर फुकट आला की कळवा रे.

मेणाचा_गडी | ३० जून २०१३, सकाळी ११:४५

गोट्या, अशाच लोकांमुळे नेव्हरहूडवाल्यांना १७ वर्षांनी वर्गणी काढावी लागते.

व्यवहारी_माणूस | ३० जून २०१३, दुपारी १२:०१

धागाकर्ते स्वतः लॅमिंग्टन रोडचे विद्यार्थी आहेत हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. नुसतं निदर्शनास आणून देतोय.

मेणाचा_गडी | ३० जून २०१३, दुपारी १२:३०

मान्य. म्हणून तर भरले. त्या गेमचा एक पैसा माझ्याकडून त्यांना गेला नाही. सीडीवाल्याला ६० रुपये गेले, तेही मामेभावाचे. साडेपंधराशेत जुनी उधारी धरा. नवा गेम आला तर वरचा.

पेणकर | ३० जून २०१३, रात्री ९:१५

नमस्कार. मी गेम खेळत नाही. मुलाने धागा दाखवला, मातीचा विषय निघाला म्हणून लिहितोय. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे.

आमची शाडू सुकली की चिरते आणि ओली असताना बसते. हे लोक वापरतात ती तेल-मेणाची माती, ती सुकत नाही, म्हणून रोज थोडी थोडी हलवता येते. पण तिचे लाड वेगळे. धूळ धरते, दिव्याखाली मऊ पडते, उचललेला हात तासाभरात लोंबतो. मुलाने तुमच्या जुन्या गेमचा व्हिडिओ दाखवला. भिंतींवर, अंगावर बोटांचे ठसे दिसतात. आमच्याकडे असा ठसा राहिला तर गिऱ्हाईक मूर्ती उचलणार नाही. मुलगा म्हणतो त्यातच मजा आहे. असेल.

एक सांगतो. आमच्याकडेही लोक चार-चार महिने आधी बयाणा देऊन जातात. पण चतुर्थी सरकत नाही. यंदा ९ सप्टेंबर म्हणजे ९ सप्टेंबर. डोळ्यांची आखणी राहिली तर घरातल्या बायकापोरांसकट रात्रभर बसतो, पण पुरी करतो. या मंडळींना चतुर्थी नाही. मला भीती वाटते ती त्याची.

मेणाचा_गडी | ३० जून २०१३, रात्री ९:४०

दादा, तुमच्याकडे साचा तयार असतो हो. इथे सगळं कोऱ्यापासून.

पेणकर | ३० जून २०१३, रात्री ९:५२

साचा आहे. डोळे साच्यातून येत नाहीत.

अर्धी_फ्रेम | १ जुलै २०१३, रात्री १:३०

पेणकरदादांना दंडवत. मी पुण्यात अॅनिमेशन शिकते. दुसऱ्या वर्षाला ४० सेकंदांची स्टॉप-मोशन फिल्म केली. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे ४८०. तीन आठवडे गेले, त्यातला एक फुकट. रूममेटने पंखा लावला, मागचं पुठ्ठ्याचं झाड जेमतेम दोन मिलिमीटर सरकलं, आणि ते मला ७० फोटो झाल्यावर कळलं. तिच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

आणि ती फिल्म होती. गेम त्याहून वाईट. फिल्ममध्ये बाहुली दारातून आली, खुर्चीत बसली, विषय संपला. गेममध्ये ती कुठून येईल, कुठे थबकेल, खेळणारा चहा आणायला उठला तर तोवर उभ्याउभ्या काय करेल, सगळं आधीच टिपून ठेवायचं. चालण्याचं चक्र असं बसवायचं की शेवटचा फोटो पहिल्याला बेमालूम जुळेल. हाताळून हाताळून पाय जरा जाड झाला असेल तर दर दोन पावलांना उचकी लागल्यासारखं दिसतं.

त्यातून गेम हा मुळात बदलत बदलत बनतो. समजा एक खटका डावीकडे आहे, चाचणीत कुणालाच सापडला नाही, तर उजवीकडे घ्या. कॉम्प्युटरवर घडवलेल्या गेममध्ये हे एका दुपारचं काम. मातीत सेट पुन्हा लावा, दिवे पुन्हा, खटका ओढणारा हात पुन्हा. मग काय होतं, अडचणीची जागा दिसत असूनही लोक ती तशीच सोडतात. नेव्हरहूडमधली काही कोडी वैताग का होती याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

अजून एक. पॉइंट-अँड-क्लिकची खरी गंमत चुकीच्या क्लिकमध्ये असते. बादली बकरीला देऊन बघायची, किल्ली कानात घालून बघायची. ज्या गेममध्ये नायक नुसतं बोलतो तिथे 'हे काही जमणार नाही' हे एक वाक्य लिहिलं की भागलं. मातीच्या बाहुलीला 'नाही' म्हणायलासुद्धा मान हलवावी लागते, आणि ती मान कुणीतरी दहा-बारा वेळा हाताने वळवलेली असते. म्हणून असे गेम आखूड आणि थोडे मुके निघतात. तुम्ही मोठ्ठ्या गेमची वाट बघत असाल तर आत्ताच सोडा. मी पण थांबलेय, पण मी चालण्याच्या चक्रासाठी थांबलेय.

व्यवहारी_माणूस | ४ जुलै २०१३, सकाळी ९:०२

धागा वर आणतोय, इलाज नाही. शेफरने परवा जाहीर केलं: ३३ लाखांत गेम पुरा होत नाही. अर्धा जानेवारीत विकायला काढणार, त्या पैशातून उरलेला अर्धा करणार. म्हणजे अर्धं ताट वाढायचं, बिल घ्यायचं आणि मग उरलेल्या पोळ्यांची कणीक मळायला घ्यायची. ४ लाखांत करतो म्हणाला होता हे विसरू नका. आणि तो गेम मातीचा नाही, रंगवलेला आहे.

निळी_शाई | ४ जुलै २०१३, दुपारी ४:१८

व्यवहारी, तुमच्यासारखी माणसं १९१२ साली असती तर आपल्याकडे सिनेमाच आला नसता. यंदा 'राजा हरिश्चंद्र'ला १०० वर्षं झाली. फाळक्यांकडे भांडवल नव्हतं, तेव्हा त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवताना एकेक फ्रेम टिपला, आणि कोंब सरसर वर येतो आहे अशी चिमुकली फिल्म करून ती दाखवून पैसे उभे केले. म्हणजे आपल्या सिनेमाचं पहिलं भांडवलच या तंत्रावर आलं. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या त्या वेगळ्याच.

व्यवहारी_माणूस | ४ जुलै २०१३, दुपारी ४:५०

उदाहरणाबद्दल आभार, ते माझ्या बाजूचं आहे. फाळक्यांनी आधी करून दाखवलं, मग पैसे घेतले. आणि ते कर्ज होतं. स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. टेनेपलने काय गहाण टाकलंय?

मेणाचा_गडी | ४ जुलै २०१३, संध्याकाळी ६:३३

करून दाखवलेला गेम १९९६ पासून सगळ्यांसमोर आहे की.

व्यवहारी_माणूस | ४ जुलै २०१३, संध्याकाळी ६:४०

तो ड्रीमवर्क्स कंपनीच्या पैशातला. वर साहेब बसलेला असतो तेव्हा तारीख पाळली जाते.

अर्धी_फ्रेम | ४ जुलै २०१३, रात्री ११:५८

साहेब बसलेला होता म्हणूनच पुन्हा असा गेम निघाला नाही, हेही लिहा. धंदा झाला नाही म्हटल्यावर साहेब मातीला कशाला हात लावू देतो? १८ हजारांवर लोकांनी थोडे थोडे दिले, कुणा एकाचं घर बुडणार नाही. हा सौदा मला तरी बरा वाटतो. तुमचा मुद्दा तारखेचा आहे, माझा गेम होण्या-न होण्याचा.

मेणाचा_गडी | ९ नोव्हेंबर २०१४, रात्री १०:१०

सव्वा वर्षाने वर आणतोय. गेम आलेला नाही. मधूनमधून सेटचे फोटो येतात, बरे वाटतात. मी ते बायकोला दाखवतो. 'ऑफिसचं सॉफ्टवेअर अजून मातीतच आहे का?' असं ती विचारते, म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

फ्लॅट मात्र सहाव्या मजल्यावर पोचला.

खरं सांगायचं तर मधले काही महिने मी विसरलो होतो. मग एका रात्री यूट्यूबवर नेव्हरहूडची गाणी लावली, ती तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखी, निम्मी अगम्य, आणि परत तीच ओढ लागली. व्यवहारी म्हणतील तुला गेम नकोय, बोरिवलीची सुट्टी हवीय. म्हणोत.

व्यवहारी_माणूस | १० नोव्हेंबर २०१४, सकाळी ९:३०

मी म्हणायच्या आधीच म्हणालात, माझे कष्ट वाचले. फक्त एवढंच जोडतो: सुट्टी हवी असेल तर जुना गेम पुन्हा खेळा. नवा गेम त्या सुट्टीच्या मापाने मोजलात तर तो बिचारा हरणारच, कितीही चांगला निघाला तरी.

निळी_शाई | १० नोव्हेंबर २०१४, सकाळी ११:००

याला पहिल्यांदाच +१. पण शेफरचा अर्धा गेम जानेवारीत आला, मी खेळले, छान आहे. अर्ध्या ताटाचा टोमणा तेवढा मागे घ्या.

व्यवहारी_माणूस | १० नोव्हेंबर २०१४, सकाळी ११:२५

उरलेल्या पोळ्या आल्या की घेतो.

निळी_शाई | २९ एप्रिल २०१५, रात्री ८:४४

पोळ्या आल्या. काल दुसरा अर्धा आला. वाट बघतेय.

व्यवहारी_माणूस | २९ एप्रिल २०१५, रात्री ९:१०

तीन वर्षं लागली. पण घेतला मागे.

पेणकर | २८ सप्टेंबर २०१५, रात्री १०:३०

काल विसर्जन झालं, आता कुठे निवांत झालो. मुलगा सांगतो तुमचा गेम परवा ३० तारखेला येतोय. तुम्ही पैसे भरल्यापासून आमचे तीन गणपती झाले. पण आला खरा. मुलाला घेऊन द्यायचाय, कार्डाने पैसे कसे भरायचे ते कुणीतरी सांगा. त्याने यंदा पहिल्यांदा आखणी केली, बारा मूर्तींचे डोळे. बक्षीस म्हणून.

अर्धी_फ्रेम | २८ सप्टेंबर २०१५, रात्री ११:०५

दादा, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि त्या बारांपैकी एकाचा तरी फोटो टाका इथे.

मेणाचा_गडी | १ ऑक्टोबर २०१५, रात्री १२:५०

गेमची की (कोड) आली. डाउनलोडला लावलंय, इथल्या ब्रॉडबँडच्या वेगाने सकाळपर्यंत होईल. नव्या घरात अजून पंखे लागलेले नाहीत, खिडकी उघडी टाकून जमिनीवर बसलोय. परीक्षणं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं. एक वाचलं. माती सुंदर, कोडी अडखळणारी, गेम आखूड. अर्धी_फ्रेमने दोन वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता लिहिलेलंच थोड्या वेगळ्या शब्दांत.

गोट्या_ठाणे | १ ऑक्टोबर २०१५, रात्री १२:५५

मी घेतला रे. पैसे देऊन. बोलू नका कुणाला.

व्यवहारी_माणूस | १ ऑक्टोबर २०१५, सकाळी ९:०४

झालं का डाउनलोड? चालताना उचकी लागते का तेवढं सांगा. नसेल लागत तर दिवाळीच्या सेलमध्ये बघतो.