विश्वामित्रीकाठची वेल आणि नायट्रोजनचा हिशोब

तुम्ही लिहिलेल्या कथेतली नरभक्षक वेल बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठी, गाळाच्या काळ्या मातीत उगवते. माझ्या मते पहिली चूक इथेच आहे. कीटकभक्षी झाडं शिकार करतात ती मुख्यतः नायट्रोजन-फॉस्फरससाठी. साखर ती उन्हातच बनवतात. म्हणून ती निकस, ओल्या, उघड्या जागी वाढतात. सुपीक गाळात सापळा पोसणं झाडाला परवडत नाही. वेल बडोद्याबाहेर, पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या खडकाळ माळावर न्या.

दुसरं, भक्ष्याचा आकार. व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी झाडाच्या पानातल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पान मिटतं, मग कडा घट्ट बसून आत पाचकरस साठतो. किड्याचा एक पाय बाहेर राहिला तरी फट राहते, रस गळतो, बुरशी शिरते आणि पान काळं पडून सडतं. अख्खा माणूस धरला तर दुसरं काय होणार?

त्यापेक्षा वेलीने वटवाघळं सांभाळावीत. बोर्निओतली एक घटपर्णी (कलशासारखी पानं असलेली कीटकभक्षी वेल) त्यांना दिवसा कलशात झोपू देते आणि विष्ठेतून नायट्रोजन मिळवते. फार सुंदर व्यवस्था आहे ही! कलशातला द्रव मात्र तळाशीच ठेवा, नाहीतर वटवाघूळ बुडेल.